कोल्हापूरची कोरडी हवा आणि बॉल पायथनची कात

बिळातला

फेब्रुवारी लागला की मला बॉल पायथन पाळणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात. 'दादा, कात तुकड्यातुकड्यांनी निघाली', 'शेपटीला राहिली', 'ओढून काढू का?' दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा धागा काढून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

आधी हा साप राहतो कुठे ते बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला साप, घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेतल्या भागातला. विकणारे 'घनदाट जंगलातला' म्हणून खपवतात, पण त्याचा मुलूख म्हणजे बराचसा गवताळ माळ. तिथे वर्षातले काही महिने सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा वारा वाहतो आणि हवा आपल्या मार्चला लाजवेल इतकी कोरडी होते. तरी तिथल्या सापाची कात अखंड निघते, कारण तो दिवसभर त्या हवेत नसतोच. उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो आणि जमिनीखाली ओल टिकलेली असते. आपण काय करतो? काचेची पेटी, वर जाळी, जाळीवर दिवा. बीळ काढून घेतलं आणि माळ तेवढा दिला. कात अडकते ती इथे.

साप कातीवर आलाय हे कळायला डोळ्यांची वाट बघू नका. आधी पोटाकडचे खवले गुलाबी दिसायला लागतात, अंगावरचे रंग मळकट होतात. मग डोळे निळसर दुधी होतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पातळ द्रव साठतो, त्याचा तो रंग. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबरच निघतो, म्हणून डोळा झाकोळतो. काही दिवसांनी तो द्रव शोषला जातो आणि डोळे परत स्वच्छ होतात. नवा माणूस नेमका इथे गंडतो. त्याला वाटतं, झालं काम! तो ओल कमी करतो, मॉस (ओल धरणारं शेवाळ) काढून टाकतो. कात अजून अंगावरच असते. डोळे स्वच्छ झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी ती निघते, आणि ओलीची खरी गरज याच दिवसांत असते. पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत एक ते दोन आठवडे धरून चाला.

या काळात त्याला खायला घालायच्या मागे लागू नका, बहुतेक वेळा तो खातच नाही. हातातही घेऊ नका. नीट दिसत नसल्यामुळे एरवीचा गरीब सापसुद्धा दचकून तोंड मारतो.

आता आकडे. ऊबेच्या टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५-२६. दमटपणा एरवी ५५ ते ६५ टक्के, कातीवर आला की ७० च्या आसपास. मोजायचं ते सापाच्या उंचीवर, डिजिटल मीटरने. पेटीच्या वरच्या बाजूला चिकटवलेला काटेवाला गोल मीटर शोभेचा असतो.

कोल्हापुरात वर्षाचे दोन तुकडे पडतात. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की काही न करता कात निघते, तेव्हा काळजी उलटी, खालचं ओलं राहतंय का याची. डिसेंबरपासून मेच्या वळवापर्यंत दुपारी माझ्या खोलीतला मीटर तिशीत उतरतो. त्यात पंखा आणि दिवा. मला येणारे जवळजवळ सगळे मेसेज याच महिन्यांतले असतात.

उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: पेटीत एक बीळ करून द्या. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साप आत वेटोळं घालून टेकेल एवढाच. बाजूला भोक पाडून कडा पॉलिश पेपरने घासा. आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस. ऑर्किड विकणाऱ्या नर्सरीत मिळतं. नाही मिळालं तर ओला करून पिळलेला सुती पंचा चालतो, फक्त तो रोज बदलायचा. डबा ऊबेच्या टोकाकडे सरकवून ठेवा, आतली ओल वाफेने पसरते. पोट गुलाबी दिसलं की डबा आत, कात निघाली की बाहेर. शिवाय एखादं खडबडीत लाकूड किंवा दगड हवाच, नाक घासून कातीची सुरुवात करायला.

निघालेली कात लगेच फेकू नका. सरळ करून तपासा: डोळ्यांच्या जागी दोन गोल खवले आहेत का, आणि शेपटीचं टोक आहे का. सापापेक्षा कात लांब भरते, त्याला घाबरू नका, खवल्यांमधली घडी उलगडलेली असते.

विचारा काय ते.

मंगळवारपेठकर

लई भारी लिवलंय भावा. पण मी सारखा फवारा मारतोय, मारला की मीटर ऐंशीला जातोय आणि तासाभरात परत चाळिशीला. हात दुखायला लागला. काय चुकतंय?

बिळातला

चुकत काही नाही, फवाऱ्याचा स्वभावच तो आहे. वरचा थर भिजतो आणि दिवा तो तासात वाळवतो. ओल खालून यायला हवी. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, दोन-तीन इंचाचा थर घाल आणि पेटीच्या कोपऱ्यांतून भांड्याने थोडं पाणी सोड, तळ ओला आणि वरचा भाग हाताला कोरडा लागेल असं. जाळीचा पाऊण भाग झाक. दिव्यापासून लांबच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल चालतं. पूर्ण झाकू नको, हवा खेळली पाहिजे. पाण्याचं भांडं मोठं घे आणि थोडं ऊबेकडे सरकव. फवारा मग कधीमधी पुरे.

आणि खाली काय घातलंयस?

मंगळवारपेठकर

वखारीतला भुसा. फुकट मिळतोय म्हणून.

बिळातला

बदल बाबा. बारीक भुशाची धूळ नाकातोंडात जाते. कुठल्या लाकडाचा आहे तेही वखारवाला सांगू शकत नाही, आणि देवदारसारख्या वासाच्या लाकडाचा असला तर सापाला चांगलाच बाधतो. कोकोपीटची वीट कुठल्याही नर्सरीत मिळते. खत मिसळलेली नको, साधी.

गुऱ्हाळघर

आमच्यात उसाची चिपाडं ढिगानं पडलेली असतात. वाळवून, कुटून घातली तर? बाहेरच्या देशात असलं कायतरी विकतात म्हणे.

बिळातला

कोरड्या वाळवंटी प्राण्याखाली एकवेळ चाललं असतं. इथे आपण मुद्दाम ओल ठेवणार. चिपाडात राहिलेली साखर आणि वर पाणी, म्हणजे चार दिवसांत आंबूस वास आणि बुरशी. बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही वाईट, साखर कारखान्यात काम केलेल्यांना विचारा. ती चुलवणातच बरी.

मोगरा

नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षाची मादी आहे. परवा कात निघाली पण तुकड्यांनी. पाठीवर ठिगळं राहिलीत, शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं आहे आणि डावा डोळा उजव्यापेक्षा मळकट दिसतोय, थोडा सुरकुतलेला. सासूबाई म्हणतात खोबरेल तेल लाव, मऊ होऊन निघेल. नवरा चिमटा घेऊन तयार आहे. काय करू?

बिळातला

ताई, पहिल्यांदा तो चिमटा काढून घ्या.

मग शेपूट. डोळ्यापेक्षा ते तातडीचं. वाळलेलं कडं आवळत जातं, टोकाचा रक्तपुरवठा तुटतो, टोक काळं पडून झडू शकतं. पाठीवरची ठिगळं दिसायला वाईट, पण त्यांना वेळ आहे.

आज हे करा. झाकणाला भोकं असलेला डबा घ्या, त्यात कोमट पाणी, मनगटाला गरम न लागणारं, २८ ते ३० अंश. सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच, डोकं आरामात वर राहिलं पाहिजे. १५-२० मिनिटं ठेवा आणि समोरून हलू नका. नंतर ओला, जाडसर टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि तिला त्यातून सरकू द्या. ती पुढे जाते, कात टॉवेलला अडकून मागे राहते. पाठीवरची बरीचशी अशीच निघते. शेपटीच्या कड्याला ओला कापूस लावून ठेवा आणि अंगठ्याने टोकाच्या दिशेने हलकेच गुंडाळत न्या. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे. उलट ओढलं तर नवे खवले उचकटतात. नाही निघालं तर थांबा, उद्या परत. ती पाण्यात घाबरत असेल तर उशीचा सुती अभ्रा कोमट पाण्यात भिजवून पिळा, तिला त्यात घाला, तोंड सैल बांधा आणि अर्धा तास डब्यात ठेवा. मला ही पद्धत जास्त आवडते. अंधार असतो, साप शांत राहतो.

डोळ्याला काहीही करू नका.

उत्तरेश्वर

खोबरेलाला एवढं काय घाबरता? आम्ही सरळ लावतो, कात सुळ्ळकन निघते. शुद्ध घाण्याचं वापरा म्हणजे झालं.

जनावरांचा_डॉक्टर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या तेलासाठीच.

वाळलेल्या कातीला पाणी हवं आहे. तेल पाणी देत नाही. उलट वर तवंग धरलं की नंतर भिजवायला ठेवलेलं पाणीही आत शिरत नाही. तेलकट अंगाला कोकोपीट आणि घाण चिकटते ती वेगळीच. तुमची कात निघाली असेल ती चोळण्यामुळे, किंवा तशीही निघणारच होती म्हणून.

मोगरा, डोळ्याबद्दल. वर राहिला आहे तो जुना खवला, पण त्याच्या खालचा नवा खवला डोळ्याचाच भाग आहे. चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढताना तो नवा फाटला तर डोळा जाऊ शकतो. असे घरी 'ऑपरेशन' केलेले साप मी पाहिले आहेत. पुढच्या कातीच्या वेळी दमटपणा बरोबर ठेवला तर बहुतेक वेळा जुना खवला नव्याबरोबर निघून येतो. तोपर्यंत डोळ्याभोवती सूज आली, डोळा फुगला, किंवा दोन कातींनंतरही राहिला तर दाखवा. मानवी डोळ्यांचे थेंब मनाने घालू नका, त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं.

एक प्रश्न. पाण्याच्या भांड्यात तळाशी काळे ठिपके दिसतात का? खसखशीपेक्षाही बारीक, हलणारे?

मोगरा

ठिपके नाहीत, पांढऱ्या कागदावर पाणी ओतून पाहिलं. हनुवटीखालीही पाहिलं. का विचारलंत?

जनावरांचा_डॉक्टर

गोचिडीच्या जातीतले बारीक माइट असतात, सापाचं रक्त पितात. डोळ्याच्या खोबणीत आणि हनुवटीखाली लपतात. ते असले की साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसतो आणि कात वारंवार बिघडते, मग दमटपणा कितीही सांभाळा. नाहीत म्हणता ते चांगलं. गुरांची गोचीड मारायची औषधं कुणी सांगितली तरी सापाला लावू नका, मात्रा चुकली तर साप मरतो.

दमटपणा बरोबर असून कात बिघडली तर मी क्रमाने बघतो: पाणी पितो का, ऊबेचं टोक खरंच उबदार आहे का, वजन घटलंय का, जुनी जखम किंवा भाजल्याचा डाग आहे का. जखमेवरची कात नेहमीच अडते.

बावडेकर

आमची तऱ्हा उलटी. गगनबावड्याकडं पाऊस लागला की चार महिने ऊन दिसत नाही. कात एकदम अखंड, मोज्यासारखी उलटी होऊन निघते. पण पोटाचे खवले तपकिरी झालेत, एकदोन ठिकाणी पाणी भरल्यासारखे फोड. ओल जास्त झाली का?

जनावरांचा_डॉक्टर

हवेतली ओल नडत नाही, अंगाखालची नडते. हा खवले कुजण्याचा प्रकार वाटतो. आजच कोकोपीट काढा, खाली नुसते कोरडे कागद, रोज बदला. ऊबेचं टोक बरोबर ३१-३२ वर आणा आणि जाळी उघडी करा. फोड फोडू नका. आणि फोड आहेत म्हणजे धाग्यावर थांबू नका, प्रत्यक्ष दाखवा, प्रतिजैविक लागू शकतं. सगळेच पशुवैद्य साप बघत नाहीत, तेव्हा जाण्याआधी फोनवर विचारून घ्या, हेलपाटा वाचेल.

धामणवाला

मी सर्पमित्र म्हणून कॉल घेतो. पाळणाऱ्यांचा धागा आहे, पण दोन शब्द.

कातीवर आलेला साप रानातला असला तरी हेच करतो, ओल आणि अडचण शोधतो. मग तो न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीमागे, कुंड्यांच्या रांगेत सापडतो. लोक म्हणतात 'आंधळा साप आहे, सुस्त आहे, घेतो काठीनं'. अजिबात नको. त्याला अंधुक दिसतंय, म्हणजे तो तुमच्या पायाच्या हादऱ्यावर तोंड मारणार. लांबून नजर ठेवा आणि फोन करा. वनविभागाचा १९२६ आहेच.

घरात नुसती कात सापडली तर तीही दाखवा. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ इतरांपेक्षा मोठी आणि षटकोनी असेल तर मण्यार असू शकते, तेव्हा रात्री जमिनीवर झोपणं बंद. धामणीची असेल तर निवांत चहा घ्या.

आणि ती कात तिजोरीत ठेवल्याने पैसा वाढत नाही. वाढत असता तर मी बुलेट घेतली असती.

तांबडा_रस्सा

धामणवाला 😂 आमची आज्जी नागपंचमीला पायथनच्या पेटीपुढं दूध-लाह्या ठेवते. आम्ही पेटीत जाऊ देत नाही एवढंच.

मला दुसरंच विचारायचं आहे. हे पाळणं कायदेशीर आहे का? कुणी म्हणतं परदेशी साप चालतो, कुणी म्हणतं आत टाकतील.

बिळातला

आज्जीला ठेवू दे बाहेर. साप दूध पचवू शकत नाही, पेटीत पाणीच.

कायदा थोडक्यात. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. पिल्लू सापडलं, जखमी होतं, दया आली, कुठलंही कारण चालत नाही. बॉल पायथन परदेशी, साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा असतो. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. पावती-कागद नसलेला 'स्वस्तात देतो' वाला साप घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांनी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन आपली परिस्थिती सांगून विचारावं, व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या वकिलांना विचारू नये. आणि कंटाळा आला म्हणून कळंब्याच्या तळ्याकाठी सोडून येणारे असतील तर त्यांनी हा धागा वाचलाच नाही तर बरं.

दुधगंगा

मुळात आफ्रिकेतला जीव इथे काचेत ठेवायचाच कशाला? बीळ काढून घेतलं असं तुम्हीच वर लिहिलंय.

बिळातला

प्रश्न रास्त आहे. मी कुणाला नवीन घ्या म्हणत नाही. हा साप नीट पाळला तर वीस-तीस वर्षं जगतो, तेव्हा लग्न, बदली, भाड्याचं घर यांचा विचार करूनच घ्यावा, आणि बहुतेकांनी घेऊच नये असं माझं मत. पण जे आज शहरात आहेत त्यांना परत घानाला पाठवता येणार नाही.

मोगरा

शेपटीचं कडं निघालं! अभ्र्याचाच उपयोग झाला, पाण्यात ती फार धडपडत होती. टोक थोडं दबलेलं दिसतंय पण रंग ठीक आहे. डोळा तसाच आहे, हात लावलेला नाही, चिमटा सासूबाईंनीच लपवला. आता खायला कधी देऊ? आणि मॉसचा डबा कायमचा ठेवला तर चालेल का, म्हणजे पुढच्या वेळी चुकायला नको?

बिळातला

मस्त! शेपटीच्या रंगावर आठवडाभर लक्ष ठेवा. खाणं दोन-तीन दिवसांनी द्या, कातीनंतर बहुतेक साप भुकेले असतात. आधी शीही करेल, ती झाली की पेटी साफ करा आणि हात साबणाने धुवा, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू सापाच्या अंगावर आणि कातीवरही असू शकतो. लहान मूल घरात असेल तर कात खेळायला देऊ नका.

डबा कायम ठेवायला हरकत नाही, पण मग मॉस आठवड्याला बदलायचं, आणि त्याशिवाय दोन कोरडे आडोसे हवेत, एक ऊबेकडे, एक थंडीकडे. नाहीतर ती ओल्यातच मुक्काम ठोकेल आणि बावडेकरांसारखी पोटाची तक्रार घेऊन याल. तारीख लिहून ठेवा. या वयात साधारण महिना-दीड महिन्याने पुढची कात येईल, मोठी झाली की अंतर वाढतं.

मंगळवारपेठकर

कोकोपीट घातलं, फॉइल लावलं. सकाळी ६२, आत्ता दुपारी ५८. हात वाचला. आता एकच, हीटिंग मॅट कोकोपीटच्या आत पुरली तर खालून वाफ जास्त येईल का?

बिळातला

अजिबात नको. मॅट पेटीच्या बाहेरून, तळाला, पेटीच्या एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटशिवाय लावायचीच नाही. सेन्सर मॅट आणि काचेच्या मधे नीट चिकटव, सापाने आत हलवला तर मॅट तापतच राहील आणि पोट भाजेल. लाइट जाऊन आली की थर्मोस्टॅटचा आकडा एकदा बघत जा, काही स्वस्त मॉडेल आपोआप मूळ सेटिंगवर जातात.